शब्दाच्या मधोमध च्यायला

आमच्या घरात शिवीला बंदी होती. ती मी घातली होती, मुलगी बोलायला लागली तेव्हा. यजमानांचं कळंबोलीला ट्रान्सपोर्टचं ऑफिस. लोखंड बाजारातून माल उचलायचा, ट्रेलर भरायचे, पुण्याकडे सोडायचे. दिवसभर फोनवर ड्रायव्हर, क्लीनर, वजनकाट्याची माणसं. त्या धंद्यात शिवी म्हणजे स्वल्पविराम. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. नियम एवढाच होता की चपला दाराबाहेर काढता तशा शिव्याही दाराबाहेर काढायच्या. ते जिन्यातच फोन संपवायचे आणि मग बेल वाजवायचे. मी रबाळ्याच्या एका कारखान्यात अ‍ॅडमिन बघते. नियम करणं आणि ते पाळले जातात की नाही हे पाहणं हेच माझं काम आहे. घरीही ते सुटत नाही.

बंदीला पहिलं भोक मुलीने पाडलं. ती कॉलेजला असताना मोबाइलवर परदेशी मालिका बघायची. एकदा जेवताना मैत्रिणीचा फोन आला आणि ही म्हणाली, "फॅन-ब्लडी-टास्टिक!"

यजमानांचा घास हातातच राहिला. "काय म्हणालीस?"

"काही नाही, बाबा. इंग्लिशमध्ये तसं बोलतात. जोर द्यायला. शब्द मध्ये तोडायचा आणि शिवी घालायची."

"मधे? शब्दाच्या आत?"

"हो. इम-ब्लडी-पॉसिबल. असं."

मी म्हटलं, "जेवा." पण त्यांचं जेवणात लक्ष नव्हतं. ओठ हलत होते. वजनकाट्यावरची पावती तपासताना हलतात तसे. भात संपता संपता ते म्हणाले, "इम-च्यायला-पॉसिबल."

मुलगी ठसका लागेपर्यंत हसली. मी म्हटलं, "अहो, बंदी आहे."

"बंदी मराठी शिवीवर आहे. हा इंग्रजी शब्द आहे."

"मधलं काय आहे मग?"

"मधलं सारण."

सासूबाईंना हे फार पटलं. त्या खाडीकाठच्या गावातल्या. आता ते गाव शहराच्या पोटात गेलंय, शेतावर इमारती आल्या आणि त्यातल्याच एका इमारतीत आम्ही राहतो. त्यांची बोली मात्र अजून बांधावरचीच आहे. माझं माहेर साताऱ्याकडचं. लग्न होऊन आले तेव्हा त्यांचं निम्मं बोलणं मला कळायचं नाही. त्या म्हणाल्या, "मंजी शबुद फोरायचा नि करंजीवानी भरायचा. मंग त्यात वाईट काय हाय?"

मुलगी आणि तिच्या मैत्रिणी मधे 'भेंडी' घालायच्या. तेही एका शिवीचं मुंबईतलं मवाळ रूपच. सासूबाईंनी एकदा ते ऐकलं आणि नातीला म्हणाल्या, "भेंडी पायजे त बाजारान मिलल. येवरी वरडतंस कला?" कला म्हणजे कशाला, एवढं मला तोवर कळायला लागलं होतं. त्यानंतर पुढचा आठवडाभर आम्ही भेंडीची भाजी खाल्ली.

रविवारी सकाळी पोह्यांबरोबर हा खेळ चालायचा. कुठला शब्द फुटतो आणि कुठला फुटत नाही. गॅरन-च्यायला-टी चालतो. गॅ-च्यायला-रंटी चालत नाही. का चालत नाही हे कुणालाच सांगता यायचं नाही, पण चुकीच्या जागी घातलं की तिघंही एकदम "नाही, नाही" म्हणायचे. मला कारण नसलेला नियम आवडत नाही. मी थोडा विचार केला आणि माझ्या लक्षात आलं की इंग्रजी शब्दात एका ठिकाणी आवाजाचा जोर पडतो आणि शिवी बरोबर त्या जोराच्या आधी बसते. मी हे सांगितलं तेव्हा यजमानांनी हात जोडले.

"बंदी घालणारीनेच नियमावली काढली!"

सुरुवातीलाच जोर असलेला शब्द मात्र फुटत नाही. यजमानांना याचं फार वाईट वाटलं. "ट्रॅफिक फुटत नाही. ट्रेलर फुटत नाही. ड्रायव्हर फुटत नाही. ज्यांना सगळ्यात जास्त गरज, तेच शब्द वाया!" मराठी शब्द तर मुळीच दाद देत नाही. कोथिंबिरीच्या मधे च्यायला घालून बघा. नुसती कोथिंबीर चिरल्यासारखं होतं.

त्या रविवारांतूनच माझं घरातलं नाव पडलं. मी कपाटाच्या खणांवर चिठ्ठ्या लावत होते, कशात काय ते कळावं म्हणून. ते दाराला टेकून बघत होते. म्हणाले, "अ‍ॅडमिनि-च्यायला-स्ट्रेशन." जोर अगदी बरोबर जागी. मी रागावल्यासारखं केलं. त्यानंतर मी काहीही नीट लावायला घेतलं, औषधांचा डबा, प्रवासाची बॅग, लग्नाच्या आहेराच्या पिशव्या, की ते तेवढं एक म्हणून पुढे जायचे. बंदी आहे, पण तिला खिडकी आहे, असं ते म्हणायचे.

मग एका सकाळी तो प्रकार झाला.

ते चहा पीत होते. कप हातातून सुटला. मी म्हटलं, "काय हो?" त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं, पण आवाज आला तो शब्दाचा नव्हता. उजवा हात मांडीवर पडून राहिला. घाबरायचं मी नंतरवर ठेवलं. मुलीला लिफ्ट धरून ठेवायला पाठवलं, शेजाऱ्यांकडून गाडी घेतली, फाइल घेतली, चालू गोळ्यांची पानं घेतली आणि वाशीच्या हॉस्पिटलात गेलो. लवकर पोचलो असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचला. पाय थोडा ओढत का होईना चालेल, हाताला वेळ लागेल. "बोलण्याचं मात्र आत्ता सांगता येत नाही," ते म्हणाले. डाव्या मेंदूला धक्का बसला होता आणि शब्द बहुतेकांचे तिथेच असतात.

खोलीत आणल्यावर ते बराच वेळ छताकडे बघत होते. आम्ही तिघी भोवती. सासूबाई त्यांच्या पायाला हात लावून उभ्या. "बोल ना रं, पोरा. कायतरी बोल."

त्यांनी आईकडे बघितलं. ओठ जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. आणि स्वच्छ आवाजात म्हणाले, "च्यायला."

मुलगी रडत हसली. मी भिंतीला टेकले. सासूबाई मात्र पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "मना हाक मारली. आयला बोलवतंय."

आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. त्या शब्दाच्या पोटात आई आहे हे मला तोवर कधी दिसलंच नव्हतं. मी म्हटलं, "हो आई, तुम्हालाच." ती समजूत मी आजही मोडलेली नाही. मोडायची गरजही नाही.

बोलले म्हणजे आता येईल सगळं, असं मला वाटलं. आलं नाही. घरी आणलं. चहा हवा असला तरी च्यायला, पंखा हवा असला तरी च्यायला, पाठ खाजवली तरी च्यायला. सूर वेगवेगळा, शब्द तोच. आम्ही सुरावरून ओळखायला शिकलो. लांबवलेला म्हणजे पाणी, तुटक म्हणजे टीव्हीचा आवाज कमी कर. ज्या शब्दाला मी घरात बंदी घातली होती, तेवढा एकच शब्द घरातल्या एका माणसाकडे उरला होता. बंदी अर्थातच उठली. कुणी जाहीर केलं नाही.

भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न होता. सोसायटीचे अध्यक्ष सपत्नीक आले, "लवकर बरे व्हा" म्हणाले आणि त्यांना मोठ्या प्रेमाने उत्तर मिळालं, "च्यायला." त्यांच्या बायकोने पर्स उचलली. तेव्हापासून मी दारातच सांगायला लागले: आत गेलात की ते एकच शब्द बोलतील, तो तुम्हाला उद्देशून नाही, नमस्कार समजा. कळंबोलीचे लोक आले तेव्हा सांगावं लागलं नाही. एक जुना ड्रायव्हर पलंगाशी बसला, शब्द ऐकला आणि डोळे पुसत म्हणाला, "सेठ तो बिलकुल वैसे ही हैं."

मला तसं वाटत नव्हतं. माझी अडचण तीच होती. मी चित्रांचा एक पुठ्ठा केला होता: चहा, पाणी, बाथरूम, झोप, दुखतंय. बोट ठेवायचं. त्यांनी तो डाव्या हाताने उचलला आणि गादीखाली सरकवला. यावरून काय समजायचं? समजलं म्हणून सरकवला, की समजलं नाही म्हणून? मला बाकी काही नको होतं. हात राहू दे, पाय राहू दे. आत शब्द जुळवणारा माणूस बसलेला आहे का, एवढंच मला कळायला हवं होतं. आणि ज्याला विचारायचं त्याच्याकडे शब्द एकच.

वाशीला हॉस्पिटलच्या सेक्टरमध्येच एक स्पीच थेरपिस्ट बसते. मुलीहून चार-पाच वर्षांनी मोठी असेल. शांत, हळू बोलणारी, खोटा धीर न देणारी. ती त्यांना काका म्हणते, मला ताई. तिने पहिल्याच भेटीत सांगितलं, "ताई, शिव्या, आरत्या, एक ते दहा आकडे, हे बऱ्याचदा शाबूत राहतं. ते पाठ असतं ना. विचार करून जुळवावं लागत नाही. आरती म्हणताना काकांचे ओठ बरोबर चालतील, पण त्यातलाच एखादा शब्द सुटा मागितला तर येणार नाही. तेव्हा च्यायला आलं याचा आनंद माना, पण त्यावर हिशोब बांधू नका."

मी हिशोब बांधला होता. तो मोडला. घरी आल्यावर आरती लावून बघितली. तिने सांगितलं तसंच झालं, अगदी तसंच. ते आरतीबरोबर गुणगुणले, ओळीच्या ओळी. मग मी हातात तांब्या धरून विचारलं, हे काय? त्यांनी तांब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "च्यायला," ते दमून म्हणाले.

हात चालावा म्हणून सकाळी फिजिओथेरपीवाला घरी यायचा. बोलण्यासाठी आठवड्यातून दोनदा वाशी. चित्रं, टाळ्या, आरशासमोर ओठ. घणसोलीच्या घरून रिक्षा, पाय ओढत जिना, परत. मुलगी ऐरोलीला नोकरी करते. ती ऑफिसला जाण्याआधी त्यांची दाढी करून द्यायची आणि सगळं वेळापत्रक मी बघायचे. हे मला जमतं. जमणाऱ्या गोष्टी करत राहिलं की न जमणाऱ्यांकडे बघायला वेळ कमी मिळतो.

एका सकाळी मी त्यांच्या गोळ्या डब्याच्या कप्प्यांत भरत होते. सकाळच्या डावीकडे, संध्याकाळच्या उजवीकडे. ते खुर्चीत बसून बघत होते. आणि मागून आवाज आला, अडखळत, पण आला.

"अ‍ॅडमिनि... च्यायला... स्ट्रेशन."

गोळ्या जमिनीवर सांडल्या. मी तशाच ठेवल्या. मी असं कधी करत नाही. मुलीला फोन केला, ती फोनवरच हुंदके देत "परत म्हणायला सांग, परत म्हणायला सांग" म्हणत राहिली. परत आलं नाही. तरी त्या दिवशी मी शिरा केला.

पुढच्या भेटीत थेरपिस्टला मी सगळं सांगितलं. रविवारचे पोहे, फुटणारे शब्द, माझं नाव. ती हसली, मनापासून हसली. मग पेन खाली ठेवून म्हणाली, "ताई, ते तुम्हाला किती वर्षं असं म्हणत होते?"

"बरीच."

"मग तेही पाठच झालं. नावासारखं. समोर तुम्ही गोळ्या लावताना दिसलात आणि ते आख्खं बाहेर आलं. काकांनी ते तेव्हा जुळवलं असेल असं नाही." माझा चेहरा तिला दिसला असावा, कारण ती आणखी हळू बोलायला लागली. "मी नाही म्हणत नाहीये. फक्त एवढ्यावरून हो म्हणता येत नाही. काय होतं ना, हे सगळं ऑटोमॅटिक असतं."

ते माझ्या शेजारच्या खुर्चीत होते. आमच्या दोघींचं बोलणं त्यांच्या डोक्यावरून चाललं होतं. आजारी माणसासमोर चालतं तसं. त्यांनी डावा हात टेबलावर आपटला. आम्ही दोघी दचकलो.

"ऑटो," ते म्हणाले. थांबले. कपाळावर शीर उमटली होती. "च्यायला. मॅटिक."

थेरपिस्टने खाली ठेवलेलं पेन उचललं.

"ऑटो-च्यायला-मॅटिक!" ते पुन्हा म्हणाले. आता एका दमात आणि चढ्या आवाजात. कळंबोलीच्या ऑफिसात एखाद्या ड्रायव्हरने टायर फुटल्याची थाप मारली की जो आवाज लागायचा तो. ती म्हणाली होती, आपोआप येतं. आणि ते सांगत होते, आपोआप? हे? हे आपोआप आहे?

थेरपिस्टने आधी मला विचारलं. घाईने नाही, पण तिचा आवाज बदलला होता. "ताई, नीट आठवून सांगा. हा शब्द ते आधी असा म्हणायचे?"

मी आठवायला लागले. ऑटोमॅटिक. कुठे आलं असेल आमच्या बोलण्यात? आमचं वॉशिंग मशीन सेमी-ऑटोमॅटिक आहे. मशीनला काही म्हटलं असेल का? मला धीर नव्हता, पण खात्री करून घेतल्याशिवाय मी आनंद मानत नाही, आणि दोनदा तोंडावर पडले होते. मी तिथूनच मुलीला फोन लावला. स्पीकरवर.

"बाबा वॉशिंग मशीनला काय म्हणायचे गं?"

"आई, मी मीटिंगमध्ये आहे."

"काय म्हणायचे ते सांग."

"घुर्रमाय म्हणायचे. का?"

"ऑटो-च्यायला-मॅटिक असं कधी म्हणाले होते? रविवारी? खेळात?"

"नाही. हा शब्द नव्हता आपल्याकडे. असता तर मला आठवला असता, चांगलाय. का पण? कोण म्हणालं?"

मी फोन टेबलावर पुढे सरकवला. थेरपिस्टच म्हणाली, "तुमचे बाबा म्हणाले. आत्ता." पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि "मी बाहेर येते, एक मिनिट, फोन ठेवू नकोस, ठेवू नकोस."

थेरपिस्ट अजून पूर्ण मानायला तयार नव्हती. तिला ते आवडत होतं, दिसत होतं, पण ती माझ्यासारखीच आहे, तपासून घेणारी. शब्द तिने स्वतःच नुकताच उच्चारला होता, तो ऐकून काकांनी परत म्हटला असेल, असं ती म्हणाली. मग स्वतःच म्हणाली, "पण मी तर मध्ये काही घातलं नव्हतं." मग तिचे कान लाल झाले आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "सॉरी हं, ताई." खुर्ची पुढे ओढून ती त्यांच्या अगदी समोर बसली.

"काका, मी एक शब्द म्हणते. बरोबर आहे का बघा. फिजि-च्यायला-ओथेरपी."

त्यांनी तोंड असं वाकडं केलं की तसं तोंड मी कितीतरी महिन्यांत बघितलं नव्हतं. पोह्यात खडा लागल्यासारखं. मान डावीकडून उजवीकडे हलवली. ती पुन्हा म्हणाली, आणखी चुकीचं, "फिजिओथे-च्यायला-रपी." आता त्यांनी डोळेच मिटून घेतले. तिच्या अडाणीपणाचा त्यांना त्रास होत होता. मग हात वर केला. थांब, असा.

"फिजिओ," ते म्हणाले, तिला शिकवल्यासारखं, सावकाश. "च्यायला." आणि मग जोर देऊन, टेबलावर बोट आपटून, "थेरपी."

रोज सकाळी हात पिरगाळून घेणाऱ्या माणसाने त्या शब्दाबद्दल जे म्हणायचं होतं तेही त्यात आलं.

थेरपिस्ट मागे टेकली. "ताई," ती म्हणाली, "हे पाठ नाही. चूक कुठे आहे ते त्यांना कळतंय. शब्द आहे, शब्दाचे तुकडे आहेत, कुठे जोर आहे तेही आहे. ते जुळवतायत." मग त्यांच्याकडे वळून म्हणाली, "काका, माफ करा. मी तुमच्यासमोर तुमच्याबद्दल बोलत होते."

ते म्हणाले, "च्यायला." तो नमस्कारवाला होता.

फोनमधून मुलगी ओरडत होती, "काय झालं? कुणीतरी सांगा ना!"

बाहेर आलो. खाली रसवंती आहे. एरवी मी उघड्यावरचा बर्फ घेऊ देत नाही. त्या दिवशी आम्ही दोघांनी उसाचा रस प्यायला, बर्फ घालून. त्यांचा पेला मी धरला. त्यांनी तो डाव्या हाताने माझ्याकडून काढून घेतला आणि स्वतःच धरला. छातीवरून पाट्याएवढं काहीतरी उतरलं होतं. मी बाकावर बसले. रस्त्यावर बस, रिक्षा, भाजीची पोती, सगळं नेहमीचं चालू होतं. मी तिथे बसून मोठ्याने हसले. रसवाला बघत राहिला. माणूस आत होता. सगळा वेळ आत होता आणि आम्ही बाहेर उभं राहून त्याच्याबद्दल बोलत होतो, म्हणून वैतागला होता. वैतागलेला माणूस मला चालतो. त्याच्याशी माझी जुनी ओळख आहे.

घरी सासूबाईंना सांगितलं. त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. "मी पयल्या दिशीच बोलली व्हती. त्याला कलतंय म्हून. मना हाक मारली व्हती का नाय?"

थेरपिस्टने त्याचाच व्यायाम केला. मोठे इंग्रजी शब्द, मधे त्यांचा शब्द. अर्धा शब्द म्हणायचा, मग ओळखीच्या दगडावर पाय ठेवल्यासारखं च्यायला, मग पलीकडचा अर्धा. शेजारच्या खोलीत लहान मुलं यायची, म्हणून ती दार लावून घ्यायची. काही दिवसांनी मधला शब्द काढला आणि तिथे नुसती टेबलावर टिचकी मारायची. मग टिचकीही गेली. मराठी शब्दांना हा उपाय लागू पडला नाही, ते फुटत नाहीत हे आम्हाला आधीपासूनच माहीत होतं. पण एकदा जुळवणं सुरू झालं तसे तेही एकेक यायला लागले. चहा आला. पंखा आला. "नको" तर असा आला की त्यानंतर दोन दिवस दुसरं काही येईना.

आता ते बोलतात. सावकाश, मधे थांबत. घाईच्या माणसाला धीर धरावा लागतो. अधूनमधून एखादा शब्द दाराशी येऊन परत फिरतो. कळंबोलीला दुपारी थोडा वेळ जाऊन बसतात. ड्रायव्हर सांगतात की सेठची शिवी आता पोचायला वेळ लागतो, पण पोचते.

गेल्या रविवारी मी पोहे केले. सगळे बसले होते. लिंबू विसरलं होतं. ते माझ्याकडे बघून अगदी सहज, जुन्या सवयीने म्हणाले, "च्यायला, लिंबू?"

मुलगी हसली. मी मात्र चमचा खाली ठेवला.

"अहो, बंदी आहे."

त्यांनी भुवया वर केल्या. "कधी... पासून?"

"आत्तापासून. तेवढाच एक शब्द होता तेव्हा चाललं. आता तुमच्याकडे दुसरे आहेत. लिंबू म्हणता येतंय ना? मग नुसतं लिंबू म्हणा."

हे बोलताना मला किती बरं वाटलं ते सांगता येणार नाही. इतके महिने त्यांना कशालाही नाही म्हणायची हिंमत झाली नव्हती. नवऱ्याला टोकता येणं ही केवढी चैन आहे हे ती गेल्यावर कळतं. सासूबाईंनी माझ्याकडे बघून मान डोलावली. "बराबर हाय, सूनबाय. आयवरून कला बोलायचा?" म्हणजे त्यांना तो शब्द पहिल्यापासून कळत होता की काय, हे मी त्यांना विचारलं नाही. विचारणारही नाही.

ते पोह्यांकडे बघत राहिले. मला वाटलं, रागावले. मग ओठ हलायला लागले, पावती तपासताना हलायचे तसे. आम्ही तिघी थांबलो. कुणी मदत करायची नाही हे आता सगळ्यांना माहीत आहे.

"पर," ते म्हणाले. बोट वर. "च्यायला. मिशन?"

"कशाची परमिशन?"

त्यांनी मुलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "खिडकी... उघडी... ठेवायची."

मी उठून लिंबू आणायला गेले. स्वयंपाकघरातूनच ओरडले, "रविवारपुरती. आणि जोर चुकला तर तीही बंद."

बाहेरून मुलीचं हसू ऐकू आलं आणि त्याच्या मागोमाग, सावकाश, एकही तुकडा इकडचा तिकडे न होता, माझं नाव.